सातवा पहारेकरी, उंची एकशे त्र्याण्णव

सातव्या पहारेकऱ्याच्या डाव्या खांद्यावर एक पोचा होता. मुठीएवढा, लंबगोल, खालच्या अंगाला जरासा खोल. त्या जुन्या अंतराळमालिकेच्या अकराव्या भागात हा पहारेकरी चार मिनिटं नऊ सेकंद दिसतो. विश्वाच्या वेशीवर जे दार आहे त्याच्यापाशी चिलखत घालून नुसता उभा असतो, अवाक्षर बोलत नाही, आणि पुढे मालिकाच बंद पडते. आता एवढ्याशा भांडवलावर माणसाने किती जीव टाकावा? पण पाणीपुरवठा खात्यातला एक आरेखक लहानपणी त्या चार मिनिटांत जो अडकला तो चोपन्न वर्षांचा झाला तरी बाहेर पडला नव्हता. कचेरीत नळांचे नकाशे काढताना पेन्सिल नळावर असायची आणि तो स्वतः वेशीवर. साहेबांनी हाक मारली की तिथून इथे यायला त्याला निदान पाच सेकंद लागत. अंतर लक्षात घेता हे फार नाही.

कचेरीत त्याला मिलिमीटर म्हणत. भिंतीवरचं कॅलेंडर चार मिलिमीटर तिरकं आहे म्हणून त्याने एकदा वाढलेलं ताट थांबवून आधी खिळा हलवला होता, ती हकिकत बायकोनेच बाहेर फोडली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्या मालिकेच्या चाहत्यांचं एक मंडळ होतं. वर्षातून एकदा मोठं सभागृह घेऊन ते मेळावा भरवीत आणि सात पहारेकऱ्यांची रांग उभी करीत. सहा जागा भरत. सातव्या जागी दरवर्षी एक कुंडी ठेवीत, कारण सातव्याचं चिलखत आजवर कोणाचंच मंजूर झालं नव्हतं. मंडळाचा नियम एकच: पडद्यावर जसं, तसंच. आणि तो नियम सांभाळायला एक तपासनीस बाई होत्या. त्या एरवी छापखान्यात मुद्रितं तपासत. गळ्यात भिंग, कानावर तांबडी पेन्सिल, आणि चूक दिसली की चेहऱ्यावर अशी शांती पसरे, जशी दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यावर झोप लागल्यावर पसरते.

त्या कुंडीच्या जागी आपण उभं राहायचं, एवढंच मिलिमीटरला आयुष्यात हवं होतं. बढती नको होती, बंगला नको होता. कुंडी हलवायची होती.

पण मंडळाच्या नियमावलीत सातव्याची उंची लिहिली होती 'अंदाजे मध्यम ते उंच'. मिलिमीटरला त्या 'अंदाजे'ने जेवण गोड लागेना. त्याने ती चार मिनिटं पुन्हा पुन्हा पाहिली आणि एका रविवारी दुपारी ताडकन उठून उभा राहिला. पहारेकऱ्याच्या मागे भिंतीवर जे ऊर्जाचक्र फिरतं, ज्याच्या जोरावर म्हणे सगळी आकाशगंगा चालते, ते चक्र त्याच्या ओळखीचं होतं. मोठ्या जलवाहिनीचा व्हॉल्व्ह फिरवायचं ते चाक होतं, चंदेरी रंग दिलेलं. असली चाळीस चाकं त्याच्या खात्याच्या भांडारात पडून होती. त्या चाकाचा व्यास त्याला बायकोच्या वाढदिवसाइतका पाठ होता. खरं म्हणजे जास्तच, पण ते घरात बोलायचं नसतं.

चाकावरून त्याने माणूस काढला. उंची आली एकशे त्र्याण्णव सेंटिमीटर. चार पानी पत्र आणि दोन नकाशे मंडळाकडे गेले. मंडळ हरखून गेलं. बाईंनी स्वतः उत्तर धाडलं की इतका अचूक माणूस मंडळाला आजवर लाभला नव्हता, आणि आपल्या पत्रावरून नियम दुरुस्त करण्यात आला आहे. 'उंची एकशे त्र्याण्णव. परिधान करणाऱ्याचे डोळे शिरस्त्राणाच्या काचेमागेच असावेत.'

मिलिमीटरने ते पत्र बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती हाडांच्या दवाखान्यासाठी पाठीचे आणि मानेचे पट्टे शिवायची. मशीनवरून मान वर न करता तिने विचारलं, "अहो, तुम्ही किती?"

"किती म्हणजे?"

"उंच."

त्याने पत्राची घडी घातली. मग तो म्हणाला, "एकशे अठ्ठावन्न."

"मग हा नियम कोणासाठी करून घेतलात?"

"अगं, नियम खरा असावा लागतो. तो कोणासाठी नसतो."

"बरं," बायको म्हणाली. या 'बरं'मध्ये तिने संसाराची एकतीस वर्षं बसवली होती, आणि तरी थोडी जागा उरली होती.

त्याने सवलतीसाठी अर्ज केला. उत्तर आलं, सदर नियम आपल्याच पत्रावरून केला असल्याने आपल्याला सवलत देता येत नाही. दुसरा अर्ज केला. उत्तर आलं, पहिलं उत्तर पाहावं. तरीही त्याने काम सुरू केलं. स्वप्न पडायला लागल्यावर माणूस मध्येच उठून परवानगी मागत नाही.

आधी अंगाचा साचा हवा होता, म्हणजे छातीचा पत्रा नेमका बसेल. वरच्या मजल्यावर एक निवृत्त दंतवैद्य राहत. त्यांच्या कानावर हे गेलं आणि ते बादली घेऊनच खाली आले.

"साचा म्हणजे माझाच विषय! दाढ काय नि माणूस काय, फरक फक्त प्लास्टरचा. शर्ट काढा."

गच्चीत दुपारच्या उन्हात त्यांनी मिलिमीटरला गळ्यापासून कमरेपर्यंत लिंपून काढलं. "आता दोन मिनिटं हलू नका. आणि चावून धरा."

"काय चावू?"

"सवयीने म्हणालो हो. चूळ भरायची असेल तर सांगा."

प्लास्टर घट्ट झालं तसे दंतवैद्य करवत आणायला वर गेले. वर त्यांची आरामखुर्ची होती. दुपारी दोन ते पाच त्या खुर्चीत डोळे मिटायचे, हा नेम त्यांनी चाळीस वर्षं एकाही रुग्णाच्या ठणक्यासाठी मोडला नव्हता, तो ते शेजाऱ्यासाठी कुठे मोडणार! मिलिमीटर गच्चीत तसाच उभा. प्लास्टर आधी थंड होतं, मग ऊबदार झालं, मग ते आहे हेच विसरायला झालं. उन्हात सगळं पांढरं पांढरं दिसू लागलं. शेजारच्या इमारतींच्या टाक्या हळूहळू वर उचलल्या गेल्या आणि उपग्रहांसारख्या तरंगत निघाल्या. दोन कबुतरं येऊन खांद्यावर बसली. वेशीवर पाखरं असतात हे पडद्यावर दाखवलेलं नव्हतं, पण चार मिनिटांत काय काय दाखवणार?

संध्याकाळी बायको दवाखान्यात पट्टे पोचवून आली. "अहो, आहात का घरी?"

"अंशतः!" गच्चीतून आवाज आला.

तळमजल्यावरच्या काकू जिन्यात उभ्याच होत्या. त्यांनी सल्ला दिला, "एवढा पत्रा आणतोच आहेस तर पाण्याची टाकी करून घे हो. दिसायला सारखीच, आणि उन्हाळ्यात कामाला येईल."

मग आला गाड्यांचा पत्रा ठोकणारा मिस्त्री. गल्लीच्या टोकाला त्याचं गॅरेज होतं आणि आसपासच्या सगळ्या गाड्या त्याच्या हातून एकदा तरी गुळगुळीत झालेल्या होत्या. त्याने छाती, पाठ, खांदे असे काही ठोकून दिले की त्यात तोंड बघून भांग पाडावा. मिलिमीटर खूश झाला आणि त्याने खिशातून पोच्याचा नकाशा काढला.

मिस्त्रीने नकाशा उलटा धरला, सुलटा धरला. "साहेब, हे काय?"

"पोचा. डाव्या खांद्यावर. खोली सहा मिलिमीटर."

"म्हणजे आहे तो काढायचा?"

"नाही, नाही तो घालायचा."

मिस्त्रीने हातोडी खाली ठेवली. "साहेब, पंचवीस वर्षं मी पोचे काढतोय. माझ्या बापाने काढले. घालायला लोक स्वतःच घालतात, त्याला मिस्त्री लागत नाही."

"पण पडद्यावर आहे."

"पडद्यावरच्या माणसाला माझ्याकडे पाठवा. अर्ध्या तासात काढून देतो."

पुष्कळ विनवण्या झाल्या. शेवटी मिस्त्रीने तोंड फिरवून, डोळे मिटून एक टोला हाणला. पोचा पडला, आणि नकाशाबरहुकूम पडला, कारण हात कसबी होता. दुसऱ्या दिवशी मिलिमीटर खांदा न्यायला गेला तर खांदा आरशासारखा साफ.

"पोचा कुठाय?"

मिस्त्री शरमला. "संध्याकाळी झाडझूड करताना नजर गेली, साहेब. हात कधी चालला कळलंच नाही."

असं तीनदा झालं. तीनदा घातला, तीनदा निघाला. चौथ्या खेपेला खांदा ठोकून होताच मिलिमीटरने तो सदऱ्याखाली दडवला आणि सरळ पळत घर गाठलं. मागून मिस्त्रीचा हताश आवाज येत होता, "साहेब, एकदा बघू तरी द्या!"

बाकीचं चिलखत फोमचं होतं, त्यावर राखाडी रंग. मालिका काळ्यापांढऱ्या जमान्यातली, तेव्हा खरा रंग तांबडा असो की मोरपिशी, पडद्यावर राखाडी तो राखाडी. पट्टे बायकोने शिवले. दवाखान्याचं काम असल्यासारखे मजबूत, बकलं मागच्या बाजूला, कारण रुग्णाने ते स्वतःहून सोडू नयेत अशी डॉक्टरांची ताकीद असते आणि तिच्या हाताला तीच सवय. म्हणजे मिलिमीटर एकदा आत गेला की बायकोशिवाय बाहेर येणं नाही.

तळव्यांखाली चौदा सेंटिमीटर बूच घातलं. तरी एकवीस सेंटिमीटर उरले. शिरस्त्राण चढवलं तेव्हा त्याची काच मिलिमीटरच्या टाळूच्याही वर गेली आणि त्याचे डोळे आले पहारेकऱ्याच्या गळ्याशी, जिथे श्वासासाठी बारीक जाळी होती.

"काही दिसत नाही गं."

"जाळीतून बघा."

"पण वर डोकं रिकामं राहतंय."

"राहू दे. मोठमोठ्या लोकांची राहतात."

जाळीतून त्याने पाहिलं. समोर बायको, मशीन, तिरका होऊ न दिलेला कॅलेंडरचा खिळा. सगळं ओळखीचं, पण जाळीच्या ठिपक्याठिपक्यांतून ते दूर कुठल्या ग्रहावरून आल्यासारखं वाटत होतं. स्वतःचा श्वास कानाशी समुद्रासारखा येत-जात होता. तो बराच वेळ तसाच उभा राहिला. बायकोने तेवढ्यात दोन मानेचे पट्टे शिवून टाकले आणि त्याला हलवलं नाही.

मेळाव्याच्या दिवशी कळलं की हे चिलखत कमरेत वाकत नाही. माणूस बसूच शकत नाही. पहारेकरी संबंध मालिकेत एकदाही बसलेला नाही, यावर मंडळाच्या अंकात 'अखंड सावधानता' असा सोळा पानी लेख येऊन गेला होता. त्यातलं गुपित मिलिमीटरला रिक्षाच्या दारात उमगलं. शेवटी कपाटं वाहणारा टेम्पो बोलावला. टेम्पोवाल्याने त्याला उभा चढवला, दोर आवळला आणि बायकोला विचारलं, "ताई, माल आडवा केला तर चालेल?"

"माल नाही," आतून आवाज आला.

टेम्पोवाल्याने रिकाम्या काचेत पाहिलं, गळ्याकडे पाहिलं, आणि वाटभर गाडी अशी जपून चालवली की मागून सायकली पुढे गेल्या.

सभागृहात सहा पहारेकरी आपापल्या घडवंचीवर टांगलेले होते. आत माणसं नव्हती, कारण तपासणी दोन टप्प्यांत व्हायची: आधी 'वस्तू, मनुष्यविरहित', मग 'व्यक्ती, वस्तूसह'. सातव्या जागी कुंडी होती. बायकोने ती उचलून बाजूला ठेवली.

"इथे उभे राहा. मी तिसरा अर्ज खिडकीवर देऊन येते. आयत्या वेळी कोणाला दया आली तर आली. हलू नका, पडलात तर मला उचलता यायचं नाही."

ती गेली आणि इकडे ठरल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी तपासनीस बाई आल्या.

मिलिमीटरला नमस्कार करायचा होता, पण चिलखतात हात वर येईना. तोवर बाईंनी फितीने उंची मोजली. एकशे त्र्याण्णव. बरोब्बर. मग त्यांनी टाचा उंचावून बॅटरीचा झोत काचेत टाकला. आत शिरस्त्राणाचं अस्तर दिसलं, बाकी कोणी नाही. 'मनुष्यविरहित' या रकान्यात खूण झाली. मग भिंग घेऊन त्या पोच्यावर वाकल्या, आणि तिथून सरकत सरकत गळ्याच्या जाळीसमोर आल्या. भिंगामागे त्यांचा डोळा केवढा तरी मोठा, तपकिरी, कडेला तेजाची वलयं असलेला, एखादा ग्रह खिडकीजवळून जावा तसा मिलिमीटरच्या समोरून संथपणे गेला. त्याने श्वास कोंडून धरला. भीतीने की आदराने, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"घडवंचीशिवाय उभं आहे," बाई स्वतःशीच पुटपुटल्या. "काय तोल साधलाय! पंधरा वर्षांत असं काम पाहिलं नाही." आणि वही उघडून त्यांनी मोठ्याने पुकारा केला, "सातव्याचे निर्माते! सातव्याचे निर्माते आलेत का?"

आता बोलायचं. एक शब्द टाकायचा, "मी". पण मग बाई विचारणार, डोळे कुठे आहेत? आणि डोळे गळ्यात आहेत. चार पानं आणि दोन नकाशे खर्चून त्यानेच त्या गळ्यावर सुरी ठेवली होती. बोलला तर माणूस नापास, नि त्याच्याबरोबर चिलखतही टेम्पोत. गप्प राहिला तर सातवी जागा भरणार होती. फक्त तिथे तो नसणार होता.

"सातव्याचे निर्माते!" दुसऱ्यांदा. आणि तिसऱ्यांदा.

मिलिमीटर आयुष्यात प्रथमच हजेरीला गैरहजर राहिला.

'वस्तू मंजूर. व्यक्ती अनुपस्थित,' बाईंनी लिहिलं. "रांगेत रिकामंच उभं राहू दे. कुंडीपेक्षा बरं."

इतर सहा जण चिलखतं चढवून आले. दिवे मंद झाले. छताच्या निळ्या दिव्यांना जाळीने इतके तुकडे पाडले की वर तारेच तारे झाले. लोक रांगेसमोरून हळू पावलांनी जात होते, पाण्याखालून चालल्यासारखे. मिलिमीटरच्या नाकाच्या शेंड्यावर खाज आली, वाढली, कळसाला पोचली आणि आपली दखल घेतली जात नाही हे पाहून निघून गेली. पाय बुचावर होते की कशावर, ते कळेनासं झालं. एक म्हातारे गृहस्थ समोर थांबले, आपल्या बायकोला म्हणाले, "हाच तेवढा खरा वाटतो. बाकीची माणसं दिसताहेत." हे ऐकून सातव्या पहारेकऱ्याच्या जाळीवर आतून थोडी वाफ धरली.

एवढ्यात मिलिमीटरची बायको परत आली. खिडकीवर तिला सांगण्यात आलं होतं की अर्जदार अनुपस्थित असल्याने अर्ज निकालात काढला आहे. ती हातात तो कागद घेऊन रांगेपाशी पोचली, तोच बाईंनी गाठलं.

"सातवं तुमच्याकडचं ना? तुमचे मिस्टर कुठायत? मी तीनदा पुकारलं."

बायकोने शिरस्त्राणाकडे पाहिलं. मग नजर खाली आणून जाळीकडे पाहिलं. जाळीमागे दोन डोळे होते. एकतीस वर्षांत त्या डोळ्यांनी तिच्याकडे चष्मा मागितला होता, पट्टी मागितली होती, हरवलेली पेन्सिल मागितली होती. एवढं काकुळतीने काही मागितलं नव्हतं.

"त्यांना फार यायचं होतं," ती म्हणाली.

"मग आलेच नाहीत?"

"आता काय सांगू, बाई. त्यांचं असंच. असतात तिथे नसतात."

"काय हे! इतका अचूक माणूस, आणि आजच!" बाई खरोखर हळहळल्या. "फोटोत निर्मात्याच्या बाजूचं कोणीतरी हवं. तुम्हीच या. शेजारी उभ्या राहा."

बायको शेजारी उभी राहिली. हात कुठे ठेवावा ते सुचेना म्हणून तिने पहारेकऱ्याच्या हातात हात दिला. हातमोजा मिलिमीटरच्या हाताहून खूप पुढे गेलेला. त्याची बोटं मिटायला आत मनगटाशी एक तारेची कडी होती, ती ओढावी लागे. ओढायचं काही कारण नव्हतं. रिकाम्या चिलखताने तर मुळीच ओढू नये. फोटोवाला म्हणाला, "तयार?" आणि मिलिमीटरने कडी ओढली.

तीन आठवड्यांनी मंडळाचं पाकीट आलं. आत फोटो होता. सहा पहारेकरी, सातवं चिलखत, आणि त्याच्या खांद्याला जेमतेम पोचलेली बायको. खाली छापलेलं, 'सातवा (रिकामा), सोबत निर्मात्याची पत्नी'. आणि एक पत्र, तांबड्या पेन्सिलीत: 'छायाचित्राची भिंगातून तपासणी केली असता, मनुष्यविरहित चिलखताची उजव्या हाताची चार बोटं आणि अंगठा मिटलेले आढळले. आठ दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा मंजुरी रद्द समजावी.'

मिलिमीटर कागद घेऊन बसला. खोटं त्याला लिहिता येईना, खरं लिहवेना. संध्याकाळपर्यंत त्याने फक्त समास आखला, तीस मिलिमीटर.

"आणा इकडे," बायको म्हणाली. तिने मशीन थांबवलं, कागद मांडीवर घेतला आणि दोन ओळी लिहून पाकीट बंद केलं. मिलिमीटरने ते पोस्टात टाकण्याआधी उजेडावर धरून वाचलं. 'हात मी धरला होता. एकतीस वर्षं धरलेला आहे, त्यामुळे आत कोणी नसलं तरी बोटं मिटतात.'

तो पेटीपाशी बराच वेळ उभा होता. मागून आलेल्या माणसाला "टाकताय का?" असं विचारावं लागलं.

मंडळाचं उत्तर यायला दीड महिना लागला. खुलासा मान्य किंवा अमान्य असं त्यात काहीच नव्हतं. पुढच्या मेळाव्याचं छापील निमंत्रण होतं तेवढं, आणि नावाच्या जागी तांबड्या पेन्सिलीने, मुद्रितं तपासणाऱ्या त्या बारीक, नेटक्या अक्षरात लिहिलेलं होतं:

'सातवा पहारेकरी, रिकामा, यांस. सपत्नीक यावे.'